तारा बुक्सची हातछपाईची पुस्तकं आणि ‘फ्लूकबुक’ वह्या: बांधणीवाल्यांच्या नजरेतून

तारा बुक्सच्या ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’चं कुठलंही पान उजेडात तिरकं धरा. शाई कागदात मुरलेली दिसत नाही, कागदावर उभी दिसते. बोट फिरवलं तर रेषा हाताला लागते. ऑफसेटच्या, म्हणजे नेहमीच्या यंत्रावरच्या छपाईत शाईचा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा असतो आणि ती शाई पारदर्शक असते, त्यामुळे काळ्या कागदावर ऑफसेटने पिवळा छापला तर तो जवळपास दिसतच नाही. स्क्रीनच्या, म्हणजे जाळीतून शाई ओढायच्या छपाईत थर त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जाड बसतो आणि शाई झाकणारी असते. म्हणून या पुस्तकात काळ्या कागदावर पिवळा पिवळाच राहतो. कागद, शाई आणि चित्र यांचा निर्णय एकाच टेबलावर, एकाच वेळी झाला आहे, हे पहिल्या पानातच कळतं. तारा बुक्सची पुस्तकं घ्यावीत की नाही, या प्रश्नाचं आमचं उत्तर ‘घ्यावीत’ असं आहे. पण कोणती घ्यावीत, काय तपासून घ्यावीत आणि त्यांच्या वह्यांकडून काय अपेक्षा ठेवावी, हे सविस्तर सांगायला हवं.

तारा बुक्स ही चेन्नईची प्रकाशन संस्था. गीता वुल्फ यांनी ती १९९४ मध्ये सुरू केली. हाताने छापायची पुस्तकं एएमएम स्क्रीन्स या कार्यशाळेत तयार होतात. तिथे छपाई, घड्या, शिलाई, पुठ्ठे लावणं ही सगळी कामं कारागीर हाताने करतात. तिरुवान्मियूरमध्ये समुद्राजवळ संस्थेची ‘बुक बिल्डिंग’ आहे. दुकान आणि प्रदर्शनाची जागा तिथेच आहे. मराठी वाचकाला या संस्थेशी जोडणारा धागा तिच्या पहिल्या हातछपाईच्या पुस्तकापासूनच आहे. ‘द व्हेरी हंग्री लायन’ची चित्रं इंद्रप्रमित रॉय यांनी वारली शैलीत काढली होती. पुढे ‘डू!’ हे क्रियापदांचं छोटं पुस्तक आलं. त्यासाठी रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या कुटुंबीयांनी चित्रं केली आणि ते तपकिरी क्राफ्ट कागदावर स्क्रीनने छापलं गेलं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचं चित्र गुळगुळीत पांढऱ्या आर्ट पेपरवर आलं की त्याचा जीव जातो. क्राफ्ट कागदाचा निर्णय त्यासाठी अचूक आहे. वारली छापणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी वह्या आणि ग्रीटिंग कार्डं अजून चकचकीत लॅमिनेशनखाली येतात. त्यांच्याशेजारी हे पुस्तक ठेवून पाहावं.

आता छपाईकडे. स्क्रीनची छपाई म्हणजे चौकटीवर ताणलेली पॉलिएस्टरची जाळी. तिच्यावर प्रकाशाला कडक होणाऱ्या इमल्शनचा लेप देतात, वर चित्राची पॉझिटिव्ह फिल्म ठेवून उजेड देतात आणि पाण्याने धुतात. जिथे उजेड पोचला नाही तिथलं इमल्शन निघून जातं आणि जाळी उघडी पडते. मग शाई ओतून रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ती ओढतात. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. १६ चित्रांचं पुस्तक प्रत्येकी ३ रंगांत करायचं असेल तर ४८ चित्रं जाळीवर चढवावी लागतात. एका तावावर दोन चित्रं बसवली तरी ३,००० प्रतींसाठी ७२,००० वेळा स्क्वीजी ओढावी लागते. ही पुस्तकं महाग का असतात आणि संपली की पुन्हा यायला महिने का लागतात, ते या हिशोबात आहे.

हातकागदावर ही छपाई सोपी नसते. गिरणीच्या कागदाची जाडी तावागणिक सारखी असते, हातकागदाची नसते. चौकटीने उचललेला लगदा एका कोपऱ्यात थोडा जास्त, दुसऱ्यात थोडा कमी बसतो. स्क्रीन आणि कागद यांच्यात साधारण २ ते ३ मिलिमीटरचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे स्क्वीजी पुढे गेली की जाळी मागून लगेच उचलली जाते. ताव जाड आला की हे अंतर कमी होतं, जाळी कागदाला चिकटून राहते आणि रेषेच्या कडा फुगतात. पातळ आला तर शाई पुरती उतरत नाही आणि चित्रात बारीक छिद्रं राहतात. जाळीची निवडही खडबडीत कागदानुसार करावी लागते. भरीव रंगासाठी सेंटिमीटरला ४३ ते ७७ धाग्यांची जाळी चालते, बारीक अक्षरांसाठी ९० ते १२० धाग्यांची लागते. पण बारीक जाळीतून शाई कमी उतरते, त्यामुळे खडबडीत कागदाच्या खळग्यांत ती पोचत नाही. म्हणून हातकागदावरच्या पुस्तकात बारीक सेरिफचं, म्हणजे टोकांना नाजूक रेघा असलेलं, आठ पॉइंटचं अक्षर घेणं ही चूक आहे. जाड अंगाचा, मोठा टाइप घेतलेला बरा.

त्याहून मोठी अडचण दमटपणाची. सुती तंतू हवेतली ओल पितात आणि कागद वाढतो. आज पहिला रंग छापला, ताव रॅकवर सुकायला ठेवले, उद्या दुसरा रंग घेतला, आणि मधल्या रात्रीत हवा बदलली, तर ५६ सेंटिमीटरच्या तावात मिलिमीटरभराचा फरक सहज पडतो. दोन रंग एकमेकांना अगदी टेकवायचे असतील तर मध्ये कागदाची रेघ उघडी पडते. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे फिक्या रंगाची कड गडद रंगाखाली अर्धा मिलिमीटर सरकवायची. दुसरा उपाय चित्रातच शोधायचा, आणि ताराच्या पुस्तकांचं खरं कौशल्य आम्हाला तिथे दिसतं. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’चे चित्रकार भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती हे मध्य भारतातल्या परधान गोंड या आदिवासी परंपरेतले. त्यांच्या झाडांचं अंग ठिपके, आडव्या रेघा, खवले अशा बारीक नक्षीने भरलेलं असतं. रंगाचे पट्टे एकमेकांना घट्ट टेकत नाहीत. मध्ये जागा असते. एखादा रंग केसभर सरकला तरी डोळ्याला खटकत नाही. सूक्ष्म छटांचं जलरंगातलं चित्र या पद्धतीने छापायला घेतलं असतं तर अर्धे ताव रद्दीत गेले असते. २००६ चं हे पुस्तक २००८ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात ‘न्यू होरायझन्स’ विभागात गौरवलं गेलं. चित्र, कागद आणि छपाई एकमेकांना इतकी अनुकूल क्वचितच पाहायला मिळतात.

नवीन पुस्तकाला वास येतो. तेलाच्या शाईचा आहे, आणि सुरुवातीला चांगलाच जाणवतो. पुस्तक बंद कपाटात ठेवलं तर तो दबून राहतो. उभं, पंख्यासारखं उघडं ठेवून सावलीत वारा द्यावा. हळूहळू कमी होतो. लहान मुलाच्या हातात देण्याआधी एवढं करावंच. दमा असलेल्या माणसाने वारा दिल्याशिवाय घेऊन बसू नये.

काळ्या किंवा गडद हातकागदाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हातकागदाला रंग सहसा लगद्यातच दिलेला असतो, त्यामुळे घडीवर किंवा कडेला पांढरी चीर दिसत नाही. वरून काळा छापलेल्या कागदाची घडी मात्र वर्षभरात पांढरी पडते. दुसरीकडे, लगद्यात रंगवलेला गडद कागद ओला झाला तर रंग सोडू शकतो आणि घामाच्या बोटांचे ठसे धरतो. पाहण्याआधी हात धुऊन कोरडे करावेत.

बांधणीकडे आम्ही सगळ्यात आधी पाहतो. पुस्तक साधारण मध्यावर उघडून टेबलावर ठेवायचं आणि हात काढायचा. पानं आपोआप उभी राहून मिटत असतील तर एक तर बांधणी गोंदाची आहे किंवा कागदाचा कल उलटा आहे. गिरणीचा कागद एका दिशेने सहज वळतो. ती दिशा पाठीला समांतर हवी. हातकागदात तंतू दोन्ही दिशांना हलवून बसवलेले असल्याने हा प्रश्न बराच कमी होतो, आणि हा हातकागदाचा मोठा फायदा आहे. पण जाड हातकागदाला फर्म्यांची, म्हणजे दुमडून एकात एक घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांची, जुजबंदीच (दोऱ्याची शिलाईच) हवी. फर्म्याच्या मधल्या घडीत दोरा दिसला पाहिजे. परफेक्ट बायंडिंगमध्ये पाठ खरवडून गरम गोंद भरतात. जाड सुती पान उघडताना त्या गोंदावर एवढा ताण येतो की पान दोन-तीन वेळा पूर्ण उघडल्यावर सुटतं. ताराची हातछपाईची पुस्तकं शिवलेली असतात, आणि चित्र दोन पानांवर पसरलेलं असताना मधल्या खोबणीत ते गिळलं जात नाही. चित्रपुस्तकाची बांधणी पारखायची असेल तर हाच पहिला निकष लावावा.

वेगळ्या घडणीचं उदाहरण म्हणून ‘त्सुनामी’ पाहावं. मोयना आणि जयदेव चित्रकार या बंगालच्या पटुआ कलावंतांची ही चित्रकथा पंख्याच्या घडीत आहे. उलगडली की लांब पट होतो आणि भिंतीवर टांगता येतो. पटुआ गाणं म्हणत पट उलगडत जातो, त्या वाचनाला हीच घडण साजते. पंख्याची घडी करायला वरवर सोपी असते, पण प्रत्येक घडी अर्ध्या मिलिमीटरने तिरकी गेली तर दहाव्या घडीपर्यंत पुस्तक पाच मिलिमीटर वाकडं होतं. त्यामुळे आधी प्रत्येक घडीची रेघ हाडाच्या पट्टीने दाबून घ्यावी लागते आणि मगच घडी मोडायची. दोन तुकडे जोडायचे असतील तर जोड घडीवर ठेवायचा नाही. घडीपासून आत किमान सेंटिमीटरभर घ्यायचा. असं पुस्तक विकत घेताना पूर्ण मिटून चारही कडा टेबलावर ठोकून पाहाव्यात. सरळ उभं राहिलं तर घडी नीट आहे.

एक काळजी खरेदीआधी घ्यावीच. ताराची सगळी पुस्तकं हातछपाईची नसतात. भज्जू श्याम यांचं ‘द लंडन जंगल बुक’ ऑफसेटवर छापलेलं आहे, आणि ते उत्तम पुस्तक आहे. पण स्पर्शासाठी, कागदासाठी म्हणून घ्यायचं असेल तर वर्णनात ‘हँडमेड’, ‘सिल्कस्क्रीन’ असं स्पष्ट लिहिलं आहे ना ते पाहावं. हातछपाईच्या प्रतीवर क्रमांक टाकलेला असतो. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर रंगाच्या गडदपणात, रेषेच्या जागेत किंचित फरक दिसेल. तो दोष समजू नये. दोष असतो तो असा: अक्षर वाचता येत नाही इतकी शाई पसरलेली, समोरच्या पानाचा ओला रंग या पानाला लागलेला, किंवा फर्म्याचा दोरा घडीच्या बाहेर आलेला. असं आढळलं तर प्रत बदलून मागावी.

आता वह्यांकडे येऊ. नवा रंग चढवला की छापणाऱ्याला शाईचा दाटपणा, स्क्वीजीचा दाब आणि रंगाची जागा जुळवून घ्यावी लागते. त्यासाठी चांगले ताव वाया घालवण्याऐवजी आधीच बिघडलेले ताव पुन्हा पुन्हा वापरले जातात. त्यामुळे एकाच कागदावर चार वेगवेगळ्या पुस्तकांमधली चित्रं एकमेकांवर चढतात: झाडावर उलटा मासा, त्याच्यावर अर्धं अक्षर, त्याच्यावर पक्ष्याची शेपटी. हे ताव रद्दीत न टाकता त्यांच्या वह्या बांधल्या जातात, त्या ‘फ्लूकबुक’. कुठलीही दोन सारखी नसतात.

डिझाइनच्या दृष्टीने आम्हाला ही सबंध मालिका आवडते, कारण ती पुस्तकाच्याच कामातून जन्मली आहे. बहुतेक प्रकाशक वह्या काढतात तेव्हा मुखपृष्ठाचं चित्र छोटं करून बाजारात मिळणाऱ्या तयार वहीवर चिकटवतात. आत सत्तर जीएसएमचा (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा) साधा कागद, मागे बारकोड, आणि किंमत तिप्पट. इथे वहीचं रूप छपाईच्या पद्धतीतून आलं आहे. वेगळा चित्रकार बोलावून ते करता आलं नसतं. मात्र ऑनलाइन मागवताना आपल्या वाट्याला कोणतं चित्र येईल ते ठरवता येत नाही. निवडायचीच असेल तर दुकानात जाऊन निवडावी.

निवडताना पाठीजवळच्या घडीकडे लक्ष द्यावं. तीन-चार वेळा छापल्याने शाईचा थर बराच जाड झालेला असतो. मुखपृष्ठ जिथे वळतं नेमकं तिथे भरीव शाई आली असेल, तर रोजच्या उघडझाकीत ती तडकते आणि बारीक कपच्या निघतात. घडीवर मोकळा कागद किंवा विरळ रेषा असलेली वही घ्यावी. जाड शाईचा भाग दप्तरात दुसऱ्या वहीवर घासला तर रंगही उतरू शकतो. रोज नेण्याच्या वहीला पारदर्शक प्लास्टिकपेक्षा साध्या खाकी कागदाचं कव्हर घालावं, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते.

लिहिण्याचा प्रश्न कोणत्याही हातकागदाच्या वहीत सगळ्यात जास्त निराशा करतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. हातकागदावर शाई फुटते की नाही हे साइझिंगवर ठरतं. लगद्यात किंवा नंतर वरून दिलेलं हे द्रव्य तंतूंना पाणी पटकन पिऊ देत नाही. चित्रकलेच्या जलरंगासाठी केलेल्या कागदाला ते भरपूर असतं; गिफ्ट रॅपसाठी, पिशव्यांसाठी केलेल्या कागदाला जवळपास नसतं. आणि वह्यांत बऱ्याचदा हा दुसरा कागद येतो, कारण तो स्वस्त पडतो. तपासायची साधी रीत अशी: शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. अर्धा मिनिट तो गोल उभा राहिला तर फाउंटन पेन चालेल. पाच-सहा सेकंदांत कागद गडद झाला तर फाउंटन पेनाची शाई मुळांसारखी फुटेल आणि मागच्या पानावर उतरेल. अशा वहीत पेन्सिल, बॉलपेन किंवा पिगमेंटची शाई असलेलं बारीक लायनर वापरावं. जेल पेन मधल्या दर्जाचं. खडबडीत पानावर त्याची रेघ तुटते. दुकानात थेंब टाकू देणार नाहीत, पण नमुन्याच्या पानावर स्वतःचं पेन चालवू द्या म्हणायला हरकत नाही. फ्लूकबुक घेतानाही हेच करावं. आमच्या मते ही वही चित्रं काढायला, कात्रणं चिकटवायला, प्रवासातल्या टिपणांना योग्य आहे. वर्गात भरभर लिहायला किंवा हिशोबाला नाही.

अशी वह्यांची मालिका स्वतः काढावी असं वाटणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी थोडं मापाचं बोलू, कारण बहुतेकांचं नुकसान पहिल्या कटिंगलाच होतं. हातकागदाचा प्रचलित ताव २२ गुणिले ३० इंचांचा, म्हणजे सुमारे ५५९ गुणिले ७६२ मिलिमीटरचा. सवयीने ए-५ आकार ठरवला तर उघडी जोडी, म्हणजे मधोमध दुमडायचा तुकडा, २९७ गुणिले २१० मिलिमीटरची होते. अशा जोड्या सगळ्या एकाच दिशेने मांडल्या तर एका तावात फक्त चार निघतात आणि जवळजवळ ४१ टक्के कागद कातरणात जातो. तोच ताव आठ समान भागांत केला तर ११ गुणिले साडेसात इंचांच्या आठ जोड्या मिळतात. त्या मधोमध दुमडल्या की साडेपाच गुणिले साडेसात इंचांची सुरेख वही होते आणि कातरण जवळपास शून्य. शिवाय तावाची नैसर्गिक, विरविरीत कड काही पानांना राखता येते. ए-६ घेतलं तर तशाच मांडणीत एका तावात दहा जोड्या बसतात, तरी २७ टक्के वाया जातोच. वहीचा आकार तावातून काढावा, संगणकातल्या तयार साच्यातून नाही.

वर सांगितलेल्या आकाराचे चार ताव घेतले तर ३२ जोड्या, म्हणजे १२८ पानं मिळतात. १२० जीएसएमच्या कागदात आतल्या पानांचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास होतं आणि जाडी दीड सेंटिमीटरच्या जवळ जाते. यापेक्षा जाड वही हातात जड होते आणि मिटत नाही. जोड्यांचे चार-चारचे आठ फर्मे करावेत. एका फर्म्यात आठ जोड्या घातल्या तर शिलाईची मेहनत अर्धी होते, पण आतली पानं बाहेर सरकतात, आणि कड सरळ करायला कटिंग मशीनवर नेलं की मधल्या पानांचा समास कमी होतो. चारच्या फर्म्यात हे सरकणं अर्धा-पाऊण मिलिमीटरवर राहतं आणि कड न कापताही चालून जाते.

शिलाईसाठी भोकं टोच्याने, घडीच्या बरोबर कण्यावर आणि सगळ्या फर्म्यांना एकाच पुठ्ठ्याच्या मापाने पाडावीत. पहिलं आणि शेवटचं भोक कडेपासून १२ ते १५ मिलिमीटर आत. दोरा लिननचा, मेणावरून ओढून घेतलेला. फार जाड दोरा घेतला तर आठ फर्म्यांत पाठ फुगते आणि वही पाचरीसारखी होते. फार बारीक घेतला तर ओढताना तो मऊ हातकागद कापत जातो. दोरा नेहमी पाठीला समांतर ओढायचा. आपल्याकडे काटकोनात ओढला की भोक फाटतंच. पुठ्ठा दीड ते दोन मिलिमीटरचा पुरे. मुखपृष्ठाचा कागद ओल्या खळीने पुठ्ठ्याला लावला की सुकताना तो आक्रसतो आणि पुठ्ठा बाहेर वाकतो. म्हणून आतून अस्तरही त्याच वजनाच्या कागदाचं द्यावं, आणि रात्रभर सपाट वजनाखाली, मध्ये टिपकागद घालून ठेवावं. घाईने दुपारीच काढलेली वही पावसाळ्यात हमखास वाकडी होते.

खळ वापरायची की पीव्हीए, म्हणजे तयार पांढरा गोंद, यावर मतभेद आहेत. पाठीला लवचीक पीव्हीए चांगलं. मुखपृष्ठाला खळीने काम सावकाश होतं, कागद सरकवून बसवता येतो, सुरकुती काढता येते. पण मैद्याच्या खळीला कसर लागते. जुने बायंडर तीत मोरचूद घालत. कसर दूर राहते हे खरं, पण तांब्याचे क्षार कालांतराने कागदाचे तंतू कमकुवत करतात. टिकवायच्या पुस्तकात ते घालू नये. थर पातळ द्यावा आणि पूर्ण सुकवावं.

कागदासाठी मराठी माणसाला चेन्नईला जायची गरज नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. खुलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागदाची परंपरा काही शतकांची आहे आणि तिचा संबंध दौलताबादच्या तुघलक काळाशी सांगितला जातो. कागद मागवताना केवळ रंगाचा नमुना पाहून सही करू नये. जीएसएम, साइझिंग आहे की नाही आणि तावागणिक जाडीतला फरक हे तीन प्रश्न विचारावेत, आणि सबंध मालिकेला लागणारा कागद एकाच घाण्यातला, म्हणजे एकाच वेळी केलेल्या लगद्यातला घ्यावा. दुसऱ्या घाण्यातला तोच ‘मोतिया’ रंग शेजारी ठेवला की वेगळा दिसतो. छपाई करायची असेल तर मागणीपेक्षा दहा टक्के ताव जास्त घ्यावेत. बिघडलेले ताव वेगळे ठेवले तर तुमच्याही पुढच्या वह्यांची मुखपृष्ठं त्यातून निघतील.

घरात ही पुस्तकं सांभाळण्याबद्दल. कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसाळ्यात सुती कागद ओल धरतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नयेत. मोठ्या आकाराची पुस्तकं आडवी ठेवावीत, एकावर तीन-चारपेक्षा जास्त नकोत, कारण जाड शाईची पानं दाबाखाली एकमेकांना चिकटतात. काळ्या कागदाच्या चित्रांमध्ये पातळ बटर पेपर घालून ठेवला तर फार चांगलं. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत, पान न पान उलगडून सावलीत वारा द्यावा. उन्हात ठेवू नयेत. रंगीत हातकागद उन्हात फिका पडतो.

हवं ते पुस्तक संपलेलं दिसलं तर दुप्पट दराने जुनी प्रत शोधण्याआधी प्रकाशकाकडे पुढच्या छपाईची चौकशी करावी. लोकप्रिय पुस्तकं पुन्हा छापली जातात, फक्त वेळ लागतो. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ घ्यावं. लहान मूल पानं उलटणार असेल तर ‘डू!’ घ्यावं, कारण त्याच्या क्राफ्ट कागदावर डाग कमी दिसतात. पार्सल आल्यावर चारही कोपरे आणि पाठीची दोन्ही टोकं पाहावीत, फर्मे एक-एक उघडून दोरा तपासावा, आणि पानं क्रमाने आहेत ना ते मोजूनच वेष्टन टाकावं.